पावसात लिंक का पडते: मायक्रोवेव्ह जोडणीचा पावसाळी हिशेब

टॉवर ते टॉवर लिंक लावताना बहुतेक ठिकाणी दोनच प्रश्न विचारले जातात. अंतर किती आहे, आणि मधे काही आडवं येतं का? महाराष्ट्रात तिसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो: सर्वांत जोराच्या सरीत किती डीबी (डेसिबल, सिग्नलची चढ-उतार मोजायचं माप) जाणार? या प्रश्नाचं उत्तर मे महिन्यात कागदावर काढता येतं. ते न काढता लावलेली लिंक फेब्रुवारीत झकास चालते आणि जूनमध्ये ग्राहकांच्या फोनवर फोन येऊ लागतात.

हा लेख लहान इंटरनेट पुरवठादार, केबलचालक, कारखान्यांचे आणि कॉलेजांचे नेटवर्क सांभाळणारे, आणि टॉवरवर प्रत्यक्ष चढणारे तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. लॉगॅरिथमची बटणं असलेला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

थेंब नेमकं काय करतो

पावसाचा थेंब साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असतो. ५.८ गिगाहर्ट्झ वारंवारितेच्या लाटेची तरंगलांबी जवळजवळ ५२ मिलिमीटर. त्या लाटेच्या तुलनेत थेंब इतका लहान की लाटेला तो जेमतेम जाणवतो. १८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १६.७ मिलिमीटरवर येते, ६० ला ५ आणि ८० ला पावणेचार. म्हणजे वर जावं तसे लाट आणि थेंब एकाच मापाचे होऊ लागतात. मग थेंब काही ऊर्जा शोषून तिची उष्णता करतो आणि काही इकडेतिकडे विखुरतो. समोरच्या डिशपर्यंत उरेल ते पोचतं.

दुसरी गोष्ट थेंबाच्या आकाराची. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबानं खालून चपटा होतो, भाकरीसाठी थापायला घेतलेल्या गोळ्यासारखा. तो आडवा जास्त रुंद असल्यामुळे हॉरिझॉन्टल पोलवर (पोलरायझेशन, म्हणजे लाटेचं कंपन आडवं) लावलेल्या लिंकचं नुकसान व्हर्टिकलपेक्षा (कंपन उभं) जास्त होतं. हा फरक किती मोठा असतो ते पुढच्या हिशेबात दिसेल.

ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या पावसात, व्हर्टिकल पोलवर, दर किलोमीटरला होणारी घट साधारण अशी:

५.८ गिगाहर्ट्झ: १ डीबीच्या आत
११ गिगाहर्ट्झ: ३.७ डीबी
१५ गिगाहर्ट्झ: ६.१ डीबी
१८ गिगाहर्ट्झ: ७.८ डीबी
२३ गिगाहर्ट्झ: १०.८ डीबी
६० गिगाहर्ट्झ: २७ डीबी
८० गिगाहर्ट्झ: ३० डीबी

हे आकडे आयटीयू-आरच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा रेडिओ विभाग) पी.८३८ या शिफारशीतल्या सूत्रावरून येतात. पावसाच्या वेगाचा (मिमी/तास) एका घातांकानं घात काढायचा आणि त्याला एका गुणकानं गुणायचं. १८ गिगाहर्ट्झला व्हर्टिकलचा गुणक ०.०७७०८ आणि घातांक १.००२५ आहे, तर हॉरिझॉन्टलचा ०.०७०७८ आणि १.०८१८. व्हर्टिकलचा घातांक जवळजवळ १ असल्यामुळे १८ च्या लिंकला तोंडी हिशेब जमतो: ताशी दर मिलिमीटर पावसाला, दर किलोमीटरला ०.०८ डीबी.

कोणता पाऊस मोजायचा

इथे सगळ्यांत मोठी चूक होते. आंबोलीला किंवा महाबळेश्वरला वर्षात पाच-सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून तिथली लिंक सर्वांत कठीण, आणि मराठवाड्यात पाऊसच कमी म्हणून तिथे चिंता नाही, असं गृहीत धरलं जातं. लिंकला वर्षाची बेरीज कळत नाही. या क्षणी, या सहा किलोमीटरच्या पट्ट्यात किती वेगानं पडतोय, एवढंच तिला कळतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चोवीस तासांवर सरासरी काढली तर तो ताशी ३९ मिलिमीटर होतो, आणि ३९ मध्ये १८ गिगाहर्ट्झची नीट बांधलेली लिंक आरामात चालते. अर्थात तो पाऊस सरासरीनं पडला नव्हता, बराचसा काही तासांत कोसळला. उलट वैशाखातला वळीव वीस मिनिटांत संपतो, पर्जन्यमापकात जेमतेम तीस मिलिमीटर भरतात, वर्तमानपत्रात बातमीही येत नाही. पण मधली पाच मिनिटं तो शंभराच्या पुढच्या वेगानं आणि टपोऱ्या थेंबांनी पडलेला असतो. परतीच्या पावसातल्या गडगडाटी सरींचंही तेच. म्हणून लातूर-बीडकडची लिंक जुलैतल्या संततधारेत टिकते आणि ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी पडते.

हिशेबाला लागतो तो ०.०१ टक्के वेळेचा पाऊसवेग, म्हणजे वर्षातली फक्त ५३ मिनिटं ज्याच्यापेक्षा जोरात पडतं तो वेग, तोही एका मिनिटाच्या सरासरीनं. तो जागेनुसार आयटीयू-आरच्या पी.८३७ मधल्या नकाशांतून काढायचा. लिंक आखायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो असतोच, फक्त अक्षांश-रेखांश बरोबर भरा. खालच्या उदाहरणात गोल आकडा म्हणून १०० धरला आहे.

हिशेब: सहा किलोमीटर, १८ गिगाहर्ट्झ

दोन्हीकडे ०.६ मीटरची डिश (प्रत्येकी सुमारे ३८.५ डीबीआय, म्हणजे झोत एकवटून डिश सिग्नलला देते ती वाढ) आणि २८ मेगाहर्ट्झचा चॅनेल धरू. २५६ क्वॅमला (सिग्नलमध्ये डेटा भरायची वेगवान पण नाजूक पद्धत) रेडिओची ताकद १८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि ग्रहणाची मर्यादा, म्हणजे ज्याखाली सिग्नल वाचता येत नाही ती पातळी, उणे ६६ डीबीएम. क्यूपीएसकेला (हळू पण चिवट पद्धत) २३ आणि उणे ८५. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. स्वतःच्या रेडिओचे आकडे त्याच्या डेटाशीटमधून घ्या, आणि जाहिरातीच्या पहिल्या पानावरचे नकोत, तक्त्यातले घ्या.

पहिली पायरी, कोरड्या दिवशीची पातळी. मोकळ्या हवेतली घट म्हणजे ९२.४५ अधिक वारंवारितेच्या (गिगाहर्ट्झ) लॉगची वीसपट अधिक अंतराच्या (किमी) लॉगची वीसपट. ९२.४५ + २५.१ + १५.६ = १३३.१ डीबी. आता १८ + ३८.५ + ३८.५ − १३३.१ = −३८.१. हवेतली वाफ आणि बारीकसारीक नुकसानासाठी १ डीबी वजा करा. उणे ३९ डीबीएम. हा आकडा लिंकच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा, उभारणीच्या दिवशी त्याचीच गरज पडणार आहे.

दुसरी पायरी, फेड मार्जिन, म्हणजे मर्यादा गाठेपर्यंत पातळी किती घसरू शकते ते. २५६ क्वॅमला ६६ − ३९ = २७ डीबी. क्यूपीएसकेला ताकद ५ डीबी जास्त, म्हणून पातळी उणे ३४ आणि मार्जिन ५१ डीबी.

तिसरी पायरी, परिणामकारक अंतर. जोराची सर सहाही किलोमीटरवर एकसारखी पडत नसते, ढगफुटीसारख्या पावसाचा गाभा काही किलोमीटरांचाच असतो. म्हणून ७.८ ला थेट ६ ने गुणायचं नाही. आयटीयू-आरच्याच पी.५३० या शिफारशीतला गुणक असा:

१ ÷ [०.४७७ × अं^०.६३३ × पा^(०.०७३ × घा) × वा^०.१२३ − १०.५७९ × (१ − २.७१८^(−०.०२४ × अं))]

इथे अं म्हणजे किलोमीटरमधलं अंतर, पा पाऊसवेग, घा वर दिलेला घातांक, वा गिगाहर्ट्झमधली वारंवारिता. आपल्या लिंकला व्हर्टिकलमध्ये ०.६५ येतो. ६ × ०.६५ = ३.९ किलोमीटर; ७.८ ने गुणलं की ३० डीबी. हॉरिझॉन्टलमध्ये घट किलोमीटरला १०.३ आणि गुणक ०.६१५, म्हणजे ३८ डीबी.

फक्त पोल बदलल्यानं ८ डीबीचा फरक पडला. तोच फायदा डिश मोठी करून मिळवायचा तर दोन्ही टोकांना ०.६ ऐवजी ०.९ मीटरची डिश लावावी लागते, आणि तरी मिळतात सातच डीबी. परवान्यात किंवा शेजारच्या लिंकमुळे अडचण नसेल तर व्हर्टिकलच निवडा.

चौथी पायरी, ओल्या डिशचं नुकसान. रेडोमवर (डिशच्या तोंडावरचं झाकण) पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, तोही सिग्नल खातो. दोन्ही डिश मिळून ३ डीबी राखून ठेवा. रेडोम जुना, शेवाळलेला असेल तर यापेक्षा जास्त जातात, कारण त्यावर पाणी थेंबाथेंबानं ओघळून जात नाही, पसरून राहतं.

एकूण गरज व्हर्टिकलला ३३ आणि हॉरिझॉन्टलला ४१ डीबी. आपल्याकडे २५६ क्वॅमला २७ आहेत, म्हणजे ०.०१ टक्क्याच्या पावसात पूर्ण वेग टिकणार नाही. क्यूपीएसकेला ५१ आहेत, म्हणजे लिंक पडणार नाही, फक्त हळू होईल. पी.५३० मधल्या वेळेच्या सूत्रानं पाहिलं तर व्हर्टिकलमध्ये पूर्ण वेग वर्षाला सुमारे पावणेदोन तास मिळणार नाही, हॉरिझॉन्टलमध्ये पावणेतीन तास. हे ग्राहकाला आधीच सांगता येतं. आणि हेही सांगा की ते तास वर्षभरात विखुरलेले नसतात, मे ते ऑक्टोबरमध्येच येतात, बहुतेक दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी.

मार्जिन कमी पडलं तर

पहिला उपाय फुकटचा: अनुकूली मॉड्युलेशन (एसीएम), म्हणजे सिग्नल उतरला की आपोआप हळू पद्धतीवर जायची सोय, चालू करा आणि तळाची पायरी क्यूपीएसकेपर्यंत मोकळी ठेवा. आकडा चांगला दिसावा म्हणून काहीजण लिंक २५६ वर खिळवून ठेवतात. मग पाऊस आला की हळू होण्याऐवजी ती पूर्ण पडते. एसीएमबरोबर रांगेचा क्रमही लावा. वेग चौथ्या हिश्श्यावर आला की फोनचे कॉल, पैशांचे व्यवहार आणि स्वतःची देखरेख आधी जायला हवी, व्हिडिओ नंतर. हे लावलं नाही तर एसीएमनं वाचवलेली लिंक ग्राहकाला मेलेलीच वाटते.

दुसरा उपाय खर्चाचा, पण सर्वांत जोरदार: मधे एक टप्पा. सहा किलोमीटरऐवजी तीन-तीनचे दोन टप्पे केले की प्रत्येक टप्प्याची पावसातली घट ३० वरून २० डीबीवर येते, शिवाय मोकळ्या हवेतले ६ डीबी परत मिळतात. मार्जिन ३३, गरज ओल्या डिशसह २३. पूर्ण वेगासकट टिकते. मधल्या जागेला वीज आणि चढायची वाट मात्र हवी.

ताकद दुप्पट केली तर ३ डीबी, चॅनेल निम्मा केला तरी तेवढेच ३. भर घालायला ठीक आहेत, मुख्य उपाय म्हणून नाहीत. आणि एकाच टॉवरवर वर-खाली दोन डिश लावून काही साधत नाही. ती युक्ती परावर्तनानं होणाऱ्या फेडिंगसाठी आहे. पाऊस दोन्ही डिशसमोर एकच पडतो. दुसरी वाट हवीच असेल तर ती वेगळ्या दिशेनं, काही किलोमीटर लांबून जाणारी हवी, म्हणजे एकच सर दोन्ही वाटा एकदम अडवणार नाही. किंवा खालच्या वारंवारितेची, कमी वेगाची जोडलिंक.

परवाना हा वेगळा विषय आहे. १८ सारख्या पट्ट्यांत दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) शाखेकडून वाटप झाल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही, आणि पोल किंवा ताकद बदलतानाही कागद आधी तपासायचा.

उभारणी: मार्जिन इथेच हरवतं

कागदावरचे २७ डीबी प्रत्यक्षात मिळाले का, हे कोरड्या दिवशीच कळतं. ०.६ मीटर डिशचा १८ गिगाहर्ट्झचा झोत जेमतेम दोन अंश रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस डीबीनं क्षीण असे बाजूचे झोत असतात, आणि घाईत डिश त्यातल्या एकावर अडकते. लिंक लागते, उणे ६० दिसतं, डेटा वाहतो, सगळे खाली उतरतात. मार्जिन राहिलेलं असतं सहा डीबी. पहिल्या सरीत ते संपतं.

म्हणून नियम साधा: मिळालेली पातळी हिशेबाच्या दोन-तीन डीबीत आली पाहिजे. आपल्या लिंकला उणे ४२ पेक्षा वाईट आकड्यावर नट आवळायचे नाहीत. डिश आधी आडव्यात पूर्ण झाडून घ्या, डावीकडचा झोत, मधला, उजवीकडचा असे तिन्ही पाहा आणि मधल्यावर या. मग उभ्यात तेच. मग दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे एकाच वेळी कोणी डिश हलवायची नाही. शेवटी नट आवळताना पातळी पुन्हा पाहा, कारण आवळतानाच डिश अर्धा अंश सरकते.

पाणी आत शिरू न देण्याचं काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते नीट होत नाही. कनेक्टरवर आधी एकजीव होणारी रबरी टेप, ताणून, अर्ध्यावर अर्धी चढवत. त्यावर काळी पीव्हीसी टेप, तीही खालून वर गुंडाळत न्यायची. कौलं घालतात तसं वरचा थर खालच्यावर आला की पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक कडेला पाण्यासाठी ओठ तयार होतो. केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, ग्लँडमधून (केबल जिथून आत शिरते ती घट्ट बसणारी जोडणी) आत जाणार नाही. रेडोमच्या तळाशी निचऱ्याचं भोक असेल तर ते बुजवू नका. पोल बदलताना युनिट ९० अंशांत फिरवलं असेल तर भोक अजून तळाशीच आहे ना, हेही पाहा. अर्थिंगची पट्टी रंगावर नको, रंग खरवडून धातूवर बसवा.

लिंक पडली: पाऊसच का?

पावसाळ्यात पडलेली प्रत्येक लिंक पावसाच्या थेंबांनी पाडलेली नसते. ५.८ गिगाहर्ट्झची दहा किलोमीटरची लिंक घ्या. शंभराच्या वेगातही तिचे जेमतेम चार-पाच डीबी जातात. ती पावसात पडत असेल तर थेंबांना दोष देऊ नका, दुसरं काहीतरी शोधा.

खरी पावसाची घट ओळखायची खूण अशी: दोन्ही टोकांची पातळी एकाच वेळी, जवळजवळ सारखीच उतरते, काही मिनिटांत तळ गाठते आणि सर ओसरली की पुन्हा मूळ आकड्यावर येते. ताकद आपोआप वाढवणारी सोय (एटीपीसी) चालू असेल तर पातळीबरोबर पाठवलेली ताकदही पाहा, नाहीतर घट कमी भासते.

पाऊस थांबून ऊन पडलं तरी पातळी वर येत नाही, दुपारपर्यंत हळूहळू सुधारते? पाणी कनेक्टरमध्ये, केबलमध्ये किंवा रेडोमच्या आत साचलं आहे.

पातळी उत्तम, पण लिंक बसते-उठते, पोर्टवर चुका मोजल्या जाताहेत? रेडिओ निर्दोष आहे. वीज आणि डेटा एकत्र नेणाऱ्या केबलच्या टोकाला पाणी शिरलंय. प्लग उघडा, पिना हिरव्या पडलेल्या दिसतील. प्लग पुसून परत लावणं हा उपाय नव्हे, टोक कापून नवं बसवा.

वाऱ्यानंतर पातळी एकाच झटक्यात पाच-दहा डीबी उतरली आणि तिथेच थांबली, तर डिश सरकली.

जुलै-ऑगस्टमध्ये पातळी आठवड्याआठवड्यानं खाली जाते आहे, आणि पावसात जास्तच? झाड. मार्चमध्ये निष्पर्ण असलेली ऐन-सावर आता पानांनी भरली आहे, बांबू दोन मीटर वाढला आहे. ओली पानं १८ गिगाहर्ट्झला भिंतीसारखी असतात आणि ५.८ लाही जड जातात. सहा किलोमीटरच्या लिंकला मधोमध फ्रेनेल पट्ट्याची (सरळ रेषेभोवती लाटेला लागणारी जागा) त्रिज्या १८ गिगाहर्ट्झला ५ मीटर, ५.८ ला जवळजवळ ९ मीटर येते. त्याचा साठ टक्के भाग तरी मोकळा हवा. पाहणी फेब्रुवारीत केली असेल तर झाडांची उंची ऑगस्टची धरा.

आणि निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे किनाऱ्याजवळची लिंक थरथरत असेल, पातळी सेकंदागणिक वरखाली होत असेल, तर तो हवेच्या थरांचा आणि खाडीच्या पाण्यावरून येणाऱ्या परावर्तनाचा खेळ आहे. तिथे वर नाकारलेली वर-खाली दोन डिशची युक्ती कामाची.

६० गिगाहर्ट्झ, आणि घरावरची छत्री

साठ गिगाहर्ट्झला पावसाआधीच हवेतला ऑक्सिजन किलोमीटरला सुमारे १५ डीबी खातो. शिवाय कमी अंतराच्या लिंकला परिणामकारक अंतराचा वरचा गुणक १ च्या पुढे जातो. अर्ध्या किलोमीटरला तो १.८९ येतो, म्हणजे २७ × ०.५ × १.८९, पंचवीसच्या आसपास डीबी. अर्ध्या किलोमीटरला तेरा-चौदा डीबी धरणारे इथे फसतात. हा गुणक कितीही वर आला तरी २.५ च्या पुढे धरायचा नाही. इमारत ते इमारत, चारशे-पाचशे मीटर आणि मदतीला ५ गिगाहर्ट्झची आपोआप सुरू होणारी जोडलिंक, ही त्याची सुरक्षित जागा.

टीव्हीच्या छत्रीचा त्रास याच जातीचा आहे. डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येतं. पुण्यातून तो उपग्रह क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर दिसतो, आणि पावसाचे थेंब सुमारे पाच किलोमीटर उंचीपर्यंत धरले तर सिग्नलला पावसातून सहाएक किलोमीटर यावं लागतं. त्यात भर म्हणजे पाऊस स्वतःही गोंगाट करतो. कोरड्या आकाशाखाली एलएनबीसह (छत्रीसमोरचा, सिग्नल घेणारा डबा) एकूण गोंगाट १०० केल्विन धरा; गोंगाट तापमानाच्या मापात मोजतात. ३ डीबी घट करणारा पाऊस त्यात आणखी सुमारे १३५ केल्विन घालतो. सिग्नल ३ डीबीनं उतरला आणि गोंगाट पावणेचारनं चढला, नुकसान झालं पावणेसात डीबीचं. आणि प्रसारण डिजिटल असल्यामुळे चित्र हळूहळू खराब न होता एकदम चौकटी-चौकटी होऊन थांबतं. सेटिंग करताना 'स्ट्रेंग्थ'कडे पाहू नका, 'क्वालिटी' कमाल होईपर्यंत छत्री आणि एलएनबीचा पीळ फिरवा. पावसातले तेवढेच डीबी पदरात पडतात.

नोंद कशी ठेवायची

पातळीची नोंद मिनिटाला एक अशी ठेवा. पंधरा मिनिटांची सरासरी ठेवली तर चार मिनिटांची घट त्यात विरघळून जाते. सरासरीच ठेवायची असेल तर सोबत त्या पंधरा मिनिटांतला नीचांकही साठवा. एका टोकाला टिपिंग-बकेट पर्जन्यमापक असेल तर सोन्याहून पिवळं. ०.२ मिलिमीटरची बादली मिनिटाला एकदा कलंडली तर वेग ताशी १२ मिलिमीटर, आठ वेळा कलंडली तर शंभराच्या जवळ. मापक नसेल तर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबाही चालतो: तीन मिनिटांत पाच मिलिमीटर पाणी म्हणजे ताशी शंभर.

मेच्या मध्यावर प्रत्येक लिंकची कोरडी पातळी फाइलवरच्या आकड्याशी ताडून पाहा. तीन डीबीपेक्षा जास्त फरक असलेली प्रत्येक डिश वळिवाच्या आधी, शिडी कोरडी असतानाच उघडायची.